आखडणारं चित्र

१९८४ च्या मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी चौदाशे रुपये देऊन जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला. विकणारे रामदासपेठेतले एक साहेब होते, त्यांची बदली झाली होती. व्यवहाराला माझी पत्नी आणि थोरली मुलगी हजर होत्या. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, आत व्हॉल्व्ह, म्हणजे तापल्याशिवाय चित्र न देणाऱ्या काचेच्या नळ्या. मागच्या पत्र्यावर १६० वॅट लिहिलेलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांकडे टीव्ही वर्षभर आधीच आला होता. त्यात व्हॉल्व्ह नव्हते. बटण दाबलं की लगेच चित्र. एकदा त्यांच्याकडे पाणी प्यायला गेलो तेव्हा मागे वाकून वाचलं, ६० वॅट. म्हणजे अडीचपटीहून जास्त वीज जाळून मी त्यांच्यापेक्षा वाईट चित्र पाहणार होतो. पाणी गोड लागलं नाही.

संध्याकाळी आमचं चित्र चारही बाजूंनी आखडायचं. कडेला काळ्या पट्ट्या, आणि मधे सिनेमा अंग चोरून बसलेला. त्यांचा पडदा मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलेला, कारण टीव्हीखाली विजेचा दाब सारखा ठेवणारा स्टॅबिलायझरचा लोखंडी डबा होता. रविवारी सिनेमाची वेळ झाली की पत्नी दोन्ही मुलींना घेऊन तिकडे जायची. चौदाशे रुपयांसमोर मी एकटा. भिंतीपलीकडून त्यांचं हसणं यायचं, आणि ते कशाला हसले हे मला माझ्या पडद्यावर नीट दिसायचं नाही.

मी विचार करून ठरवलं की त्यांचा डबाच लाइनीतला करंट ओढून घेतो आणि आमच्या वाट्याला उरलासुरला येतो. पुरावा हवा म्हणून एका रविवारी चित्राच्या कडेला काचेवर पत्नीच्या चार टिकल्या चिकटवल्या आणि शेजारी गेलो.

"भाऊ, दोन मिनिटं टीव्ही आणि हा डबा बंद कराल का?"

"काहून? ऐन गाण्यात?"

"मला एक पाहायचं आहे."

ते बायकोला म्हणाले, "कर वं बंद. भाऊच्या डोक्यातला करंट उतरू दे एकदाचा."

सगळेच आमच्याकडे आले. चित्र टिकल्यांपाशी होतं तिथेच राहिलं. शेजाऱ्यांनी खिडकीतल्या आमच्या जुन्या पत्र्याच्या कूलरकडे पाहिलं. तो नेहमीसारखा धडधडत होता.

"अन् हा किती खाऊन राहिला?" असं म्हणत त्यांनी कूलर बंद केला.

चित्र टिकल्या ओलांडून पार कडेला गेलं. धाकटीने टाळ्या वाजवल्या.

"चोर घरातच हाय, भाऊ! अन् तुम्ही मले पकडून राहिले!"

सगळे हसले. माझी पत्नी सगळ्यात मोठ्याने हसली, ते मला जास्त लागलं. आमच्या घरातली वायर जुनी आणि बारीक होती. कूलर सुरू झाला की टीव्हीला पुरेसा दाब उरत नसे.

पुढच्या रविवारी मी कूलर बंद ठेवून सगळ्यांना घरी बसवलं. चित्र पूर्ण आलं. पण मे महिना, त्यात व्हॉल्व्हचा टीव्ही म्हणजे खोलीत पेटलेली शेगडीच. गाणं संपायच्या आत धाकटी उठली.

"बाबा, तिकडे कूलरबी आहे अन् चित्रबी."

तिच्यामागे थोरली गेली. पत्नी दारात थांबून म्हणाली, "तुम्हीबी चला न." मी गेलो नाही. घामाने भिजलेल्या बनियनवर पूर्ण सिनेमा पाहिला. एकट्याने.

जूनच्या सुरुवातीला शेजाऱ्यांनी रंगीत टीव्ही घेतला. जुना सेट त्यांनी खाप्याला राहणाऱ्या मेव्हण्याला दिला. नव्याबरोबर दुकानदाराने नवा स्टॅबिलायझर दिला होता, म्हणून जुना डबा ते स्वतःच आमच्याकडे घेऊन आले. "राहू द्या पैसे," म्हणाले. फुकट घेणं मला जमणार नव्हतं. एकशे वीस ठरवले आणि रविवारी देतो म्हटलं.

रविवारी डबा लावला. कूलर चालू, चित्र पूर्ण, टिकल्यांच्याही बाहेर. हाक मारली तर घरात कोणी नव्हतं.

पैसे घेऊन शेजारी गेलो. तिघी सतरंजीवर पुढेच बसल्या होत्या. नायिकेचं पातळ हिरवं होतं, आणि त्या उजेडात माझ्या मुलींचे चेहरेही हिरवे दिसत होते. "बसा न, भाऊ," शेजारी म्हणाले. स्टॅबिलायझरचे एकशे वीस रुपये मी तिथेच त्यांच्या हातात दिले. पडद्यावरची नजर न काढता, न मोजता, त्यांनी ते खिशात घातले.