धाकट्याच्या खिडक्या

माझा धाकटा भाऊ चित्रकार आहे. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तेव्हा माणूस बरा होता. आता त्याची प्रदर्शनं भरतात आणि गिऱ्हाइकांशी त्याचं म्हणे नातं जुळतं. शी!

या खेपेला आठ चित्रं होती, आठही आईच्या खोलीची. पलंग, खुर्ची, खिडकी आणि खिडकीबाहेर हिरवंगार झाड. मला त्याने अभिप्रायाची वही देऊन टेबलाशी बसवलं. "ताई, तू नुसती बस. बोलू नकोस काही."

पहिला आला एक दातांचा डॉक्टर. धाकट्याने त्याचा हात हातात घेतला, आवाज खाली आणला. "शेवटचे अकरा महिने मी तिच्या उशाशी होतो. रोज केस विंचरायचो. या झाडाकडे बघत गेली हो." डॉक्टरचे डोळे भरले. मिठी झाली. चित्राखाली विकल्याची लाल टिकली लागली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच, तिसऱ्याला तेच, गळाही त्याच शब्दाला दाटायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा महिने आई माझ्या घरी, मागच्या खोलीत होती. तिचं सगळं अंथरुणातच व्हायचं आणि ते मी काढायचे. हा शहाणा दोनदा आला. दुसऱ्यांदा तर नाकाला रुमाल लावून दारातूनच "काय गं, किती वास येतो!" म्हणाला आणि फिरला. आईने ऐकलं ते. त्यानंतर रोज माझ्यामागे लागायची, आधी मला पुसून काढ, तो येईल. आणि झाड कसलं? खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे चार पाइप होते. त्यातला एक कायम गळायचा. तेच बघत गेली ती.

मी ठरवलं, आता पुढच्या गिऱ्हाइकासमोर याचं पितळ उघडं पाडायचं. बसू दे बोंबलत.

पुढच्या आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी धाकट्याला बोलूच दिलं नाही, स्वतःच सांगत सुटल्या. त्यांची आई गेल्या महिन्यात हॉस्पिटलातच वारली, यांना पोचायला तासभर उशीर झाला. "तिचा पलंग भिंतीकडे तोंड करून होता," त्या म्हणाल्या. "तीच भिंत सारखी डोळ्यांसमोर येते." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्या बहीण ना? तुमच्या आईंना खरंच दिसायचं हे झाड?"

धाकटा पांढराफटक पडला. मी तोंड उघडलं. बाईंनी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी पिळून धरला होता.

"हो," मी म्हटलं. "रोज. सकाळी पाखरं यायची. आई त्यांच्याशी बोलायची."

पाखरं! कुठून आली मेली, देव जाणे. बाई माझा हात धरून रडल्या. मला माझ्याच जिभेची शिसारी आली, पण हात काही सोडवून घेववला नाही. धाकट्याने टिकली लावली.

मी बेसिनवर जाऊन चूळ भरली, दोनदा भरली. परत आले तर तो एका जोडप्याला घेऊन सातव्या चित्रापाशी उभा, आवाज तसाच खाली. "आणि सकाळी पाखरं यायची," तो सांगत होता. "आई त्यांच्याशी बोलायची." एवढं बोलून त्याने माझ्याकडे हात केला.

"विचारा हवं तर ताईला."