मेणाची पट्टी

तीन आठवड्यांपूर्वी पापडीहून पास्कलकाकांच्या मुलीचा, सेलिनचा फोन आला. "पप्पा गेले. चारला चर्चमध्ये आणणार." मी गेलो, पण शेवटच्या बाकावरच बसलो. काकांच्या जवळ जायचा हक्क मी पंचवीस वर्षांपूर्वीच गमावला होता...

नव्वदीच्या अखेरीस वसई पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवत असू. मी कॉम्प्युटरवर डिझाइन करायचो, काका पोलादी साचा हाताने घासून गुळगुळीत करायचे. एकदा पंपाच्या घुमटाकार झाकणाचं काम आलं. झाकणाच्या पाठीवरून रबराची दोरी बसायला एक खाच हवी होती. पृष्ठभाग वळेल तशी खाचही वळवत न्यायला हवी. त्याला वेळ लागतो म्हणून मी ती पडद्यावर वरून सरळ खाली कापली. काका मागे येऊन उभे राहिले.

"वरून काय बघतोस रे, देवासारखा? कडेने बघ. उतारावर खाच उथळ झालीय."

"काका, कॉम्प्युटर चुकत नाही."

"कॉम्प्युटर नाय चुकत. तू चुकतोस."

सगळा गाळा हसला. ते हसू मला लागलं आणि खाच मी तशीच ठेवली.

पहिलं झाकण निघालं. मध्यावर रबर नीट बसलं, दोन्ही उतारांवर बाहेर उसळलं. काकांची तपासायची एक रीत होती. चर्चमधल्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे ते पत्र्याच्या डबीत जपायचे. मेण मऊ करून खाचेत दाबायचं, थंड झालं की अलगद उचलायचं. त्या दिवशी निघालेली पट्टी मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना पातळ होती. ती घेऊन ते माझ्या टेबलाशी आले, तेवढ्यात मालकही आले.

"पास्कल, घासून घासून साच्याची खाच पाडणारी कड खाल्लीस तू!"

खाच उथळ आहे एवढंच मेण सांगत होतं. का उथळ आहे, ते माझ्या फाइलमध्ये होतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बोल ना," एवढंच म्हणाले. मी पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी गुपचूप फाइल सुधारली. नवा साचा अचूक निघाला, मला शाबासकी मिळाली. काका त्या महिन्यानंतर आले नाहीत, घरची केळीची वाडी बघू लागले. पुढे एकदा बाजारात भेटले. "खाच बसली का रे शेवटी?" "बसली, काका." "बरं झालं," म्हणाले आणि घड उचलून चालू लागले. तेव्हा तरी मी हाक मारायला हवी होती...

दफनानंतर सेलिनने ती पत्र्याची डबी माझ्या हातात दिली. "तुमचं सामान आहे, असं पप्पा म्हणायचे." आत तीच पट्टी होती, पिवळी पडलेली. तिथेच, त्यांच्या घराच्या ओट्यावर, मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे त्यांना का नाही सांगितलंत?"

पट्टी आता माझ्या टेबलावर असते. दुपारी ऊन सरकत तिथवर येतं. तेव्हा हातातलं काम थांबवून मी ती उचलतो आणि सावलीत ठेवतो.