शून्यालाही धरा

"सवलतवाले उभे राहा."

गणिताचे सर हे वाक्य अगदी मऊ आवाजात म्हणायचे. फीमाफीच्या कागदावर सह्या घ्यायच्या असल्या की म्हणायचे, डॉक्टर तपासायला आले की म्हणायचे. आम्ही उभे राहायचो. सवय झाली होती. पाय आपोआप सरळ व्हायचे. पण त्या दिवशी कागद नव्हता आणि डॉक्टरही नव्हता. त्या दिवशी सरासरी होती.

मी आठवीत. सत्तरच्या दशकातलं नागपूर. शाळेच्या सभागृहात सतरंजी अंथरलेली, समोर टेबलावर रेडिओ. रेडिओवरचा गणिताचा पाठ नुकताच संपला होता. सरांनी फळ्यावर साऱ्या वर्गाचे चाचणीतले गुण लिहिले होते. आम्ही वस्तीतल्या पोरी दाराजवळ फरशीवर उभ्या, आमच्या शेजारी वस्तीतलीच काही पोरं. सर सतरंजीवरच्या मुलांना म्हणाले,

"आता यांना सोडून सरासरी काढा."

सगळ्यांनी काढली. पेनांचा आवाज मला ऐकू येत होता. सरांनी फळ्यावर एकाखाली एक दोन सरासऱ्या लिहिल्या. एक आम्हाला धरून, एक आम्हाला सोडून. सोडून काढलेली मोठी होती. दोन्हींमधल्या फरकाभोवती त्यांनी लाल खडूनं गोल काढला आणि म्हणाले, "हा फरक म्हणजे ही मंडळी."

शिवी नाही. जातीचं नाव नाही. सर फार सभ्य. आमचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तक्रार करायची तर कशाची? गणिताची?

पण त्या दिवशी नेमकं काय मोडलं हे समजायला आधी रेडिओचं सांगावं लागेल.

आता काही शाळांत टीव्हीवरून गणित येतं. पडद्यावर आकडे नाचतात, आलेख रंगतात. आमच्या वेळी ती सगळी चैन त्या एका रेडिओत होती. आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीनंतर, रेडिओवर शाळांसाठी गणिताचा पाठ लागायचा. शिपाई रेडिओवरचं भरतकामाचं कापड काढायचा, घडी करून बाजूला ठेवायचा, मग सर बटण फिरवायचे. खरखर. आणि मग एका बाईंचा आवाज.

"बालमित्रांनो."

त्या शाळेत मला न ओळखता, माझं आडनाव न विचारता कुणी मित्र म्हणालं असेल तर त्या बाई. त्यांना कुठं माहीत होतं ऐकणारी कोण, कुठल्या घरची, कुठं बसलेली. त्या उदाहरण सांगायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही करा. मी थांबते." आणि खरंच थांबायच्या. रेडिओ गप्प व्हायचा. आमच्यासाठी कुणी थांबतं, ही कल्पनाच मला नवी होती.  आज लिहितानाही नवीच वाटते.

त्या आवाजाचं सगळ्यात जास्त वेड होतं गुंफाला.

गुंफा माझ्याच गल्लीतली. आमचे बाप एकाच कापडगिरणीत. दोघींच्या घरांतून देव आमच्या जन्माआधीच गेले होते, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो तेवढा होता. आया फोटोकडे बोट दाखवून म्हणायच्या, शिका वं. आम्ही शिकायला निघालो होतो. रेल्वेचा पूल ओलांडून, दोघींत मिळून एक कंपासपेटी घेऊन.

गुंफाचा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. तिची माय कोमट तेल घालून वर कापूस लावायची. डाव्यानंही जेमतेमच. वर्गात तिचं भागायचं, कारण फळा दिसायचा. सरांचे ओठ दिसायचे. ती बघून शिकायची. पण रेडिओत बघायला काय असतं? तिथं कानच लागतो. आणि आम्हाला बसवलं होतं दारात.

सतरंजी कुणा दानशूर माणसानं शाळेला दिलेली. रेडिओपासून निघायची आणि दाराच्या अलीकडे संपायची. ती जिथं संपायची तिथून आम्ही सुरू व्हायचो. रेडिओला जात नव्हती, सतरंजीला होती. दाराबाहेर रस्ता. रिक्षांच्या घंट्या, भाजीवाल्याची हाक. पाठ ऐन भरात आला की गिरणीचा भोंगा वाजायचा आणि बाईंचा आवाज गिळून टाकायचा. मला अर्धं ऐकू यायचं. गुंफाला नुसती खरखर.

एकदा मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, गुंफाला कानाचा त्रास आहे, तिला पुढं बसू द्या. सर हसले. म्हणाले, "दारातच बरं. तिथं हवा येते."

हवा येते! आमची किती काळजी. बाकीच्या मुलांना बिचाऱ्यांना हवा नको होती.

मग आम्ही आमची तोड काढली. परत जाताना पुलावर थांबून मी गुंफाला पाठ सांगायचे. मला जेवढा ऐकू आला तेवढा. तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून. खालून मालगाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. ती उकिडवी बसून वहीत गणित करायची आणि झालं की मान वर करून बाईंची नक्कल करायची, "बालमित्रांनो, मी थांबते." जो आवाज तिनं कधी धड ऐकला नाही त्याची नक्कल. माझ्या तोंडून ऐकलेल्या आवाजाची. मी पोट धरून हसायचे.

गुंफाला मास्तरीण व्हायचं होतं. रेडिओतली. तिथं बसलं की कुणाचं ऐकावं लागत नाही, नुसतं सांगायचं असतं, असं तिचं म्हणणं.

चाचणी झाली ती सरासरीवर. सभागृहातच. प्रश्न सरांनी टेबलाजवळ उभं राहून तोंडी सांगितले, एकेक, एकदाच. गुंफाच्या कागदावर नाव होतं, खाली काहीच नव्हतं. प्रश्नच पोचले नव्हते तर उत्तरं कुठून येणार?

आणि मग तो फळ्याचा दिवस. त्या दिवशी बाई सरासरीचीच उजळणी घेत होत्या. भोंगा कसा कोण जाणे मध्ये आला नाही, आणि एक वाक्य मला दारातही स्वच्छ ऐकू आलं. "सरासरी काढताना कुणालाही सोडू नका. शून्यालाही धरा." पुढं त्यांनी सांगितलं की आपापल्या वर्गाचे गुण घेऊन सरासरी काढून पाहा. पाठ संपला.

सरांनी रेडिओ बंद केला. फळ्यावर गुण लिहिले. शेवटी एक शून्य लिहिलं आणि वर्गाकडे वळून विचारलं, "हे कुणाचं?"

गुंफाला ऐकू आलं नाही. तिनं फळा पाहिला. आकडे मांडलेले, खाली रेघ, सरांच्या पुढे केलेल्या हातात खडू. तिला वाटलं, सर विचारताहेत, कोण सोडवतं? हे गणित तर तिला येत होतं. पुलावर मालगाड्यांच्या आवाजात तिनं तेच तर केलं होतं. तिनं हात वर केला. नुसता वर नाही, हलवला. चेहरा असा फुललेला की मी अजून विसरले नाही.

वर्ग हसायला लागला. तिला हसणंही ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर कौतुकाचं वाटलं. ती उठली आणि खडू घ्यायला निघाली. सरळ सतरंजीवरून. मी तिचा फ्रॉक धरायला हात पुढे केला, तो हवेतच राहिला.

"सतरंजीवरून उतर."

हेही तिला ऐकू आलं नाही. सरांनी दुसऱ्यांदा सांगितलं ते बोटानं. बोट आधी तिच्या पायांकडे, मग दाराकडे. ते तिला कळलं. बघून कळणारं तिला सगळं कळायचं. ती पायांकडे बघत उलटी उलटी मागे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. तिची बोटं खडू धरायची असतात तशी अजून जुळलेली होती.

मग सर म्हणाले, सवलतवाले उभे राहा. मग म्हणाले, यांना सोडून काढा.

त्या संध्याकाळी पुलावर गुंफा थांबली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. त्यानंतरही नाही. मी बोलवायला गेले तेव्हा ती मायच्या शेजारी विड्यांची पानं कापत बसली होती. माय म्हणाली, ताप होता, आता नाही, पण येत नाही म्हणते. मी गुंफाच्या डाव्या कानाशी तोंड नेलं. "चाल ना वं. काहून येत नाही?"

तिनं मान वर केली नाही. कात्री चालूच.

"मले सोडूनच काढ आता," ती म्हणाली.

म्हणजे तिला ऐकू आलं होतं. साऱ्या शाळेत एकच वाक्य तिला पूर्ण ऐकू आलं, आणि ते हे. की सरांच्या ओठांवरून वाचलं तिनं? मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मी घरी आले आणि चुलीपुढं बसून रडले. माझ्या मायनं विचारलं, काहून रडून राहिली? मला सांगता येईना. गणित होतं ते. गणितावर कुणी रडतं का?

पुढच्या आठवड्यात रेडिओचा तास आला. मी चपला दाराशी काढल्या आणि चालत गेले. सतरंजीवरून, सगळ्यांच्या मधून, पार पुढं. टेबलाच्या पायाशी बसले. रेडिओ इतका जवळ की त्याच्या जाळीवरची धूळ दिसत होती.

सर मऊ आवाजात म्हणाले, "दारात बैस."

मी उठले नाही.

"ऐकू येत नाही का?"

"येथून येते," मी म्हटलं. "दारातून येत नव्हतं."

शिपाई कापडाची घडी हातात घेऊन तसाच उभा. सरांच्या गालावर लाली चढली. सवलतवाल्यांनी शिस्त पाळावी असं काहीतरी ते बोलायला लागले. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"मले धरून काढा, सर. अन् गुंफालेही धरा. बाईनं सांगितलं, शून्यालेही धरा."

पट्टी हातावर बसली. तळहात सुजले. तास संपेपर्यंत मला व्हरांड्यात उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी बापाला बोलावलं. बाबा गिरणीची पाळी बुडवून आले, धुतलेला सदरा घालून. सर त्यांच्याशी बराच वेळ बोलले, बसा म्हणाले नाहीत. बाबा नुसते ऐकत राहिले. मला वाटलं, आता हात जोडतील. जोडले नाहीत. माफीही मागितली नाही. चला म्हणून मला घेऊन निघाले.

पुलावर बाबा थांबले.

"कुठी बसली होती?"

"सतरंजीवर. रेडिओपाशी."

"आयकू आलं?"

"येऊन राहिलं होतं."

"मंग बस तेथंच," बाबा म्हणाले आणि चालायला लागले.

मी बसले. रोज मार नव्हता, पण रोज काहीतरी होतं. शेजारच्या मुली सरकून बसायच्या, माझ्याभोवती सतरंजीचा मोकळा तुकडा राहायचा. त्या तुकड्यात मी मॅट्रिक झाले. गुंफाचं नाव मात्र हजेरीतून कापलं गेलं. तिचं लग्न लवकर झालं. अमरावती रोडला, वाडीत, भाड्याच्या खोलीत राहायला गेली. एकदा भेटायला गेले तर तिला दोन्ही कानांनी काहीच ऐकू येत नव्हतं. मी तिच्यासमोर बसून ओठ हलवले, बालमित्रांनो. तिनं ओळखलं. हसली नाही. माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तशीच परत आले.

मी मास्तरीण झाले. रेडिओतली नाही, शहरातल्या एका साध्या शाळेतली. आता ऐंशीचं दशक आहे. मीही वर्गात रेडिओ लावते, सगळ्यांना त्याच्याभोवती गोल बसवते. सतरंजी अजून मागितली नाही. गणित दिलं की म्हणते, करा, मी थांबते.

आणि सरासरी काढताना भागाकारात मी एक जास्त धरते. बेरजेत गुंफाचं शून्य मिळवते, म्हणून बेरीज बदलत नाही, पण भागायला एक वाढतो. सरासरी खाली येते. पोरं ओरडतात, बाई, एक जास्त झाला. मी सांगते, मोजून बघा, कोण आलेलं नाही.

परवा तपासणीला साहेब आले. फळ्यावरचं गणित बघून त्यांनी पोरांसमोरच सांगितलं की आकडा चुकला आहे, एवढी पोरं वर्गात नाहीत. शिवाय जी पोरं येतच नाहीत त्यांना सोडून काढलं तर शाळेची सरासरी किती छान दिसेल, हेही समजावलं. आवाज मऊ होता. मला तो ओळखीचा वाटला. डस्टर त्यांनीच उचलून माझ्यापुढं धरलं.

"चूक आहे ही, बाई."

"आहे," मी म्हटलं. "पण माझी नाही. आणि मी ती पुसणार नाही."