ड्रॉवरमधल्या सिमवरून आलेले तीन फोन

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचतोय, पण खरं सांगतो, टाइमपास म्हणून. चकवा, अंगात येणं, पिंपळाखालची बाई... असलं काही वाचलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो — याचा लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेली नोंद, कुठाय? धंदाच तसा आहे माझा. मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. वाशिमला एका शिक्षणसंस्थेत (नाव राहू द्या) सर्व्हर, नेटवर्क, कॅमेरे, सगळं माझ्या एकट्याच्या बोडक्यावर. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही, यावर माझा ठाम विश्वास. तरी आज लिहायला बसलोय, आणि एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून चहा करून आलोय.

सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे काय हे आमच्या ऑफिसात अजून कोणाला कळलेलं नाही. ज्याला वायर आहे ते सगळं माझं! कूलर बंद पडला तरी मलाच हाक. हेडक्लार्क बाई तिसऱ्या मजल्यावरून फोन करतात, “सर, प्रिंटर काहून चालून नाही राह्यला?” मी धापा टाकत वर जातो, तर प्रिंटरात कागदच नाही. घरी आलो की शेजाऱ्याचं वायफाय, सासऱ्यांचा मोबाईल. आणि आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात सहा महिन्यांपासून नेट येत नाही. वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणते, “साऱ्या गावाले कनेक्शन देता, घरचेच तेवढे कव्हरेजच्या बाहेर.” दिव्याखाली अंधार, दुसरं काय. तर सांगायचं हे की फोन वाजला की माझं डोकं तडकतं. हे आधीच कबूल करून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

माझे आईवडील आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावजवळ राहतात. दोन एकर मळा आहे — वांगी, मेथी, सांबार (म्हणजे कोथिंबीर). आई सकाळी भाजी घेऊन बाजारात जाऊन बसते, बाबा दिवसभर मळ्यात एकटे. विहीर जुनी, आत उतरायला दगडी पायऱ्या. दोन वर्षांपूर्वी मी तिथे मोबाईल स्टार्टर बसवून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोटारीच्या पेटीत एक डबा असतो, त्यात सिमकार्ड. घरून फोन लावला की मोटार चालू. विहिरीतलं पाणी खाली गेलं की डबा स्वतःच मोटार बंद करतो, आणि आपल्याला फोन करून एका बाईच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगतो, “पाणी कमी आहे. मोटार बंद करण्यात येत आहे.” तो नंबर मी ‘विहीर’ या नावानं सेव्ह करून ठेवला होता.

मागच्या एप्रिलमध्ये व्होल्टेज वरखाली होऊन तो डबा जळाला. मी तो काढून ऑफिसात आणला. खोलून कपाटावर ठेवला, सिम काढून कागदी पाकिटात घालून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. “रविवारी दुरुस्त करून आणतो बाबा.” असे पाच-सहा रविवार गेले. तोवर बाबा हातानं बटण दाबून मोटार लावायचे, आणि पाणी किती उरलं ते बघायला दर वेळी पायऱ्या उतरून खाली जायचे. वय सत्तरच्या घरात, दोन्ही गुडघे दुखतात.

मला काळजी नव्हती असं नाही हो. आमच्या कामात एक पद्धत असते. प्रत्येक मशीन ठराविक वेळानं ‘मी चालू आहे’ असा सिग्नल पाठवत राहतं. सिग्नल चुकला की समजायचं, गडबड आहे. बाबांना मी तेच लावून दिलं. विहिरीत उतरायच्या आधी मला एक मिस कॉल द्यायचा, वर आल्यावर दुसरा.

बाबा हसले. “म्हंजे आता तुले हजेरी देऊ म्या?”

“द्या.”

“देतो बापा. पन तू पाह्यशीन का?”

“पाह्यतो ना! काय लावलं!” मी चिडूनच बोललो.

त्या माणसानं एक दिवस चुकवला नाही. रोज दोन मिस कॉल.

मे महिन्यातला मंगळवार होता. जुन्या सर्व्हरवरचा सगळा डेटा नव्यावर न्यायचा होता, प्रवेश सुरू व्हायच्या आत. सकाळपासून दर दोन मिनिटाला कोणीतरी — सर, नेट गेलं. सर, पासवर्ड विसरलो. सर, माउस हलत नाही. शेवटी वैतागून मी फोन सायलेंट केला, फक्त महत्त्वाच्या यादीतले नंबर वाजतील असा. त्या यादीत प्राचार्य होते, सर्व्हरवाला इंजिनिअर होता, नेटवाला होता. आणि दोन वर्षांपूर्वी कधीतरी टाकलेला, काढायचा राहिलेला ‘विहीर’ होता. बाबांचा नंबर नव्हता. जी हजेरी मी त्यांच्या मागे लागून सुरू केली, ती मीच बंद करून टाकली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही. लिहिताना आत्ताही कानशिलं गरम होतात.

बाराला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. ‘विहीर’. नाव दिसलं, डोक्यात शिरलं नाही. कट केला. तीन मिनिटांनी पुन्हा. पुन्हा कट. “च्यामायले, या मोटारीले बी आत्ताच सुचते,” असं पुटपुटल्याचंही आठवतं. समोर डेटा सत्तर टक्क्यांवर अडकून पडला होता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शिवी हासडायलाच उचलला.

“पाणी कमी आहे. मोटार बंद करण्यात येत आहे.”

तीच बाई. तोच आवाज. “हो बाई, कर बंद,” म्हणून ठेवणार होतो... आणि हात थांबला. कोणती मोटार? डबा तर माझ्या डोक्यामागे कपाटावर आहे! मान वळवून पाहिलं. उघडा डबा, लोंबणाऱ्या वायरी, आत धूळ. ड्रॉवर ओढला. पाकीट होतं. पाकिटात सिम होतं. ते मी तळहातावर घेतलं, आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर ती बाई तेच वाक्य पुन्हा बोलत होती.

भीती वाटली का? लगेच नाही. आधी संताप आला, की हे टेक्निकली शक्यच नाही. मग मिस कॉलची यादी उघडली. बत्तीस मिस कॉल. त्यात बाबा — अकरा चाळीस. एकच. दुसरा नाही.

बाबांना फोन लावला. बंद. तेव्हा मात्र भीती वाटली. शेजारच्या मळ्यातल्या नामदेव काकांना लावला.

“काका, आमच्या विहिरीवर जा! बाबा उतरलेत, वर आले नाहीत!”

“काहून, काय झालं बापा? आत्ताच ताटावर बसलो ना मी...”

“काका, ताट ठेवा! पळा!”

“जातो, जातो. बोंबलू नको.”

सत्तर टक्क्यांवरचा सर्व्हर तसाच सोडून मी गाडी काढली. मालेगाव रस्त्यावर अर्ध्यात पोचलो तेव्हा काकांचा फोन आला. “सापडला तुया बुढा. खालच्या पायरीवर हाय, अर्धा पान्यात. पाय मोडला वाट्टे. पन जिता हाय, मले शिव्या देऊन राह्यला.” मी गाडी कडेला लावली आणि ढसाढसा रडलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे.

चौघांनी दोर बांधून, बाजेवर घालून त्यांना वर काढलं. पाय घसरला तसा त्यांचा फोन पाण्यात गेला होता. ओरडून ओरडून आवाज बसलेला. एका हातानं पाइप धरून होते, आणि तो हातही सुटत आला होता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं.

एक गोष्ट नामदेव काकांनी नंतर सांगितली. पडताना बाबांनी आधाराला मोटारीची केबल ओढली होती. तिचा जोड उघडा पडून पाण्याला टेकला होता; मोटार चालू राहिली असती तर पाण्यात करंट उतरला असता. बाबा शपथेवर सांगतात, मोटार चालू करूनच ते उतरले, पडले तेव्हाही तिचा आवाज येत होता, मग आपसूक थांबला. काका पोचले तेव्हा लाईन होती, त्यांची स्वतःची मोटार चालू होती. आमचे तिन्ही फ्यूज शाबूत. फक्त पेटीतलं बटण बंद. विहिरीवर दुसरं कोणी नव्हतं.

मी गप्प बसणारा माणूस नाही. माझ्या फोनच्या लॉगमध्ये तिन्ही कॉल आहेत — ‘विहीर’, ‘विहीर’, ‘विहीर’, वेळेसकट. ते सिम घेऊन मोबाईल कंपनीच्या दुकानात गेलो. पोरीनं दोनदा तपासलं. म्हणाली, “दादा, रिचार्ज नसल्यानं हा नंबर कधीचाच बंद झालाय. दुसऱ्या कोणाला दिलेला बी नाही. यावरून फोन लागणारच नाही.” मंगळवारचे त्यांच्याकडचे कॉल काढायला लावले. बाराच्या आसपास माझ्या नंबरवर एकही कॉल नाही! आता दोन लॉग आहेत आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडतात. माझ्या सगळ्या नोकरीत असं झालेलं नाही. कोणाला यातलं कळत असेल तर खरंच सांगा, मी भांडणार नाही.

नवा स्टार्टर त्याच आठवड्यात बसवला. स्वयंपाकघरातलं नेटही एका तासात झालं. एका तासाचंच काम होतं ते. बाबा आता काठी टेकत मळ्यात जातात. हजेरी चालू आहे, आणि दुसरा मिस कॉल येईपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही. ‘विहीर’ नावाचा तो जुना नंबर अजून यादीत आहे. काढायची हिंमत होत नाही.

बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हाची गोष्ट. मी बाजेपाशी बसून त्यांना सगळं सांगितलं. सिम, डबा, ती बाई, दोन लॉग. आई शेजारी मेथी निवडत होती. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, “बाबा, तुम्हाला काय वाटते? फोन कोनं केला असन?”

बाबा म्हणाले, “कोनं केला ते जाऊ दे रे. तू उचलला कसा, मले तेच समजून नाही राह्यलं.”

आई हसली. मीही हसायला गेलो, जमलं नाही.