आधीच मानलेले आभार

माझ्या उजव्या हाताची तर्जनी पूर्ण वाकत नाही. पनवेलमधल्या एका लॅबमध्ये मी लोकांचं रक्त काढते, आणि शीर डोळ्यांना दिसत नाही, ती बोटाच्या टोकाला लागते. आता मी डाव्या हातानं शोधते. पेशंट विचारतात, "मॅडम, डावखुऱ्या का?" मी हो म्हणते. सकाळी सात वाजता उपाशीपोटी आलेल्या माणसाला दुसरं काय सांगायचं?

झालं एवढंच होतं, की एका आजोबांच्या शिरेत सुई असताना माझा फोन वाजला आणि मी तो घेतला नाही. संध्याकाळी नवरा घरी आला, बूट काढले, हातपाय धुतले. मग शांतपणे विचारलं, "फोन कुठल्या बोटानं उचलतेस?" मी मूर्ख, मी दाखवलं. त्यानं ते बोट धरून मागे वळवलं. हाड मोडल्याचा आवाज पापड मोडल्यासारखा येतो. डॉक्टरला सांगितलं, दारात सापडलं.

तो जासईच्या कंटेनर यार्डात सर्व्हेअर होता. दिवसभर कंटेनरवरचे पोचे शोधायचे, खडूनं गोल करायचा, फोटो काढायचा, हे त्याचं काम. पोचा कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक, म्हणून माझे पोचे नेहमी पदराखाली यायचे. आणि रविवारी हाच माणूस आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेला ढोलकी वाजवायचा. इतकी सुरेख, की गुडघेदुखीनं बेजार झालेल्या बायकाही उभ्या राहून टाळ्यांचा ठेका धरायच्या.

आमची मंडळी छोटी. क्लासवाल्यांचा हॉल रविवारी सकाळी भाड्यानं मिळतो, फळ्यावर शनिवारचं बीजगणित तसंच असतं, त्याच्यापुढे उभं राहून पाळक शास्त्र, म्हणजे बायबल, सांगतात. संदेशाच्या आधी ते विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मग एकेक जण उठून आठवड्यात प्रभूनं काय केलं ते सांगतो. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या मुलाला नोकरी लागलेली असते. आमच्याकडे आणखी एक रीत होती. जे मागायचं ते मिळालंच असं धरून आधीच आभार मानायचे. एका बाईनं बँकेचा होकार येण्याआधी उलव्याच्या फ्लॅटबद्दल आभार मानले आणि महिन्याभरात फ्लॅट झाला. त्यांनी पेढे वाटले. तो पेढा खाताना माझ्या डोक्यात खूळ शिरलं.

खूळ म्हणते खरी, पण तेव्हा तो विश्वासच होता. त्या काळात माझी प्रार्थना बाथरूममध्ये व्हायची. कडी लावायची, बादली पालथी घालायची, तिच्यावर बसायचं आणि येशूशी बोलायचं. त्यालाही शिपायांनी डोळे बांधून मारलं होतं आणि वर विचारलं होतं, ओळख बघू कुणी मारलं. माझी आई हा भाग वाचायची तेव्हा लहानपणी मी कंटाळायचे. पालथ्या बादलीवर बसून मात्र वाटायचं, याला काही समजावून सांगायला नको, याच्या गालाला माहीत आहे. बाहेर दार बडवलं जात असायचं आणि आत मला एकटं वाटायचं नाही. हे खरं आहे, आणि हेच नसतं तर मी केव्हाच पुलावरून खाडीत उडी मारली असती.

तर एका रविवारी मी उठले आणि आभार मानले. म्हटलं, माझे पती रागीट होते, हात उचलायचे, प्रभूनं त्यांना बदललं, आता आमच्या घरात शांती आहे. एक अक्षर खरं नव्हतं. पण मी ते आधीच मिळालं असं धरून चालले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकांचे डोळे भरून आले. नवरा ढोलकी बाजूला ठेवून उठला आणि सगळ्यांसमोर त्यानं मला जवळ घेतलं. दहा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, झालं, चमत्कार झाला.

घरी आल्यावर त्यानं टीव्हीचा आवाज मोठा केला आणि पट्टा काढला. "माझी अब्रू चव्हाट्यावर मांडतेस?" एवढं एकच वाक्य, आणि प्रत्येक शब्दाला एक फटका. आठ वर्षांची लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कानांवर हात ठेवून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पाठीवर बकलचा चौकोन उमटला, तो महिनाभर गेला नाही.

पुढची गंमत ऐका. पंधरा दिवसांत त्याला कळलं की ही साक्ष कामाची आहे. तो स्वतःच ती द्यायला लागला. कसा राक्षस होतो, कसा गुडघ्यावर आलो, बायकोच्या प्रार्थनेनं कसा तरलो. खरं पाणी यायचं डोळ्यांतून. उरणहून बोलावणी आली, खारघरहून आली. मी पहिल्या रांगेत, शेजारी लेक, दोघींनी नीटनेटके कपडे घातलेले. आणि परतताना स्कूटरवर, कोपराचा एक तडाखा मागे, माझ्या बरगडीत, कारण मी पुरेशी हसले नव्हते.

शेवटी मी पाळकीणबाईंकडे गेले. बाई वाईट नाहीत. त्यांनी चहा केला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो ताई, साक्ष तुम्हीच दिलीत ना? मग आता मागे फिरलात तर विश्वास डळमळला असं होईल. सैतानाला हेच हवं असतं." मी चहा प्यायले आणि निघाले. माझ्याच शब्दांनी माझं तोंड शिवलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात माझाच.

असे आठ महिने गेले. मी किती दिवस तशीच राहिले असते कुणास ठाऊक. माणूस सवयीनं मार पण खातो.

मग तो रविवार आला. सकाळी लेकीच्या हातून त्याच्या पांढऱ्या शर्टावर चहा सांडला. गॅसजवळ उलथनं होतं. त्यानं ते उचललं आणि तिच्या तोंडावर मारलं. तिच्यावर हे पहिल्यांदाच. ओठ फाटला. मी मध्ये पडले तेव्हा माझं डोकं ओट्यावर आपटलं आणि क्षणभर सगळं पांढरं झालं. तो दुसरा शर्ट घालत लेकीला म्हणाला, "दार लागलं म्हणायचं. काय म्हणायचं?" ती म्हणाली, "दार लागलं."

त्या दिवशी मुलांची पाळी होती. रविवारच्या शाळेतली मुलं पुढे येतात आणि एकेक वाक्य आभाराचं बोलतात. आमच्या लेकीनं माइक घेतला. ओठ सुजून निळा झालेला, दाताला रक्त लागलेलं. डोळे घट्ट मिटून ती म्हणाली, "प्रभू येशू, माझे पप्पा आता मारत नाहीत म्हणून मी तुझे आभार मानते."

सगळे म्हणाले, "आमेन."

माझ्या आत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. राग मला आयुष्यभर आला, पण तो राग वेगळा होता. देवाशी खोटं बोलायला मी माझ्या पोरीला शिकवलं होतं. बाथरूमच्या बादलीवर बसून जी एक खरी जागा मला मिळाली होती, ती मी तिच्यासाठी बंद केली होती. मी उठले. म्हणाले, "माझी साक्ष खोटी होती. हा माणूस मारतो. आज सकाळी यानं हिला मारलंय."

पाळक म्हणाले, "भगिनी, आपण नंतर बोलू." आणि नवऱ्यानं काय करावं? त्यानं ढोलकी वाजवायला घेतली. जोरात, माझा आवाज बुडेल अशी. दोघातिघांनी सवयीनं गाणंही सुरू केलं. मी ओरडले. पाठीवरचा पदर काढला, ब्लाउजची वरची दोन हुकं उघडली, खांद्यावरचे वळ दाखवले. गाणं थांबलं. ढोलकीही थांबली, कारण तो उठून माझ्याकडे येत होता.

पहिल्या रांगेत गव्हाणची एक म्हातारी बसायची. आयुष्यभर मासळी विकलेली, गुडघे गेलेले. तिचा मुलगा जासईच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला, तेव्हा मंडळीतली एक गिऱ्हाईक बाई तिला घेऊन आली आणि ती येतच राहिली. वाचता येत नव्हतं, पण शास्त्र मांडीवर घेऊन बसायची. ती खुर्चीवरून उठली आणि माझ्या पुढे उभी राहिली. तो थांबला नाही. मला मारलेला गुद्दा तिच्या तोंडावर बसला. ती खाली बसली. पुन्हा उठली.

"मार," ती म्हणाली. तोंडातून रक्त येत होतं. "अजून मार. माझा देव बी असाच मार खाल्लेला हाय. पन हिला हात लावलास तं बघ."

त्यानं दुसऱ्यांदा मारलं. तेव्हा कुठे पुरुष माणसं जागची हलली. चौघांनी त्याला धरला, एकाच्या मनगटाला तो चावला. मी तोवर माइकचा स्टँड उचलला होता. खोटं कशाला बोलू, त्याच्या डोक्यात घालायला उगारलाही होता. म्हातारीनं माझा हात धरला. "ठेव तो गो. तुना आत टाकतील. पोरीला कोन बघंल?"

मी ठेवला.

आम्ही तिघी रिक्षानं पोलीस स्टेशनला गेलो. तिथले हवालदार सुरुवातीला म्हणाले, घरगुती मामला आहे, मिटवून टाका. म्हातारीनं कनवटीची गाठ सोडली, रुमाल काढला आणि आपले दोन दात टेबलावर ठेवले. "साहेब, ह्यो बी घरगुतीच का? मी त्याची कोन लागते?" हवालदारांनी कागद ओढला. तासाभरानं पाळकही आले. फाटकाजवळ बराच वेळ उभे राहिले, मग आत येऊन त्यांनी जे पाहिलं ते लिहून दिलं. खाली मान घालून मला म्हणाले, "ताई, तुमच्या साक्षीवर मी चार प्रवचनं केली." त्यांचं त्यांना पुरेसं होतं.

त्या दिवशी घरी जायचा प्रश्नच नव्हता. म्हातारी आम्हाला गव्हाणला घेऊन गेली. दुपारचे चार वाजले असतील. घरात सुनेचा देव्हारा भिंतीवर, सासूचं शास्त्र फ्रिजवर, आणि त्यावरून कधी भांडण झालेलं नाही. सुनेनं सासूचं तोंड बघून आधी चार शिव्या घातल्या, कुणाला घालायच्या ते विचारलंही नाही, आणि मग पानं वाढली. भात, जवळ्याचं कालवण, तांदळाची भाकरी. म्हातारीला चावता येत नव्हतं म्हणून तिच्यापुढे पेज.

म्हातारी लेकीला म्हणाली, "तू कर प्रार्थना."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणू?"

"जे आहे ते म्हण," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. सून पळी हातात धरून तशीच उभी राहिली, तिनंही मान खाली घातली. मग लेक म्हणाली, "प्रभू येशू, पप्पा मारतात. मम्मीला पण मारतात, मला पण मारलं. आज आजीचे दात पाडले. तू त्यांचा हात मोड."

मी डोळे उघडले. शत्रूवर प्रेम करा, शाप देऊ नका, सगळी प्रवचनं माझ्या जिभेवर आली. मी तिला थांबवणार, तेवढ्यात म्हातारी सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "आमेन." मागून सूनही म्हणाली.

मग मीही म्हणाले. देवाकडे मी पुष्कळ गोष्टींची क्षमा मागितली आहे, त्या आमेनची मागितलेली नाही. लेकीनं एक डोळा उघडून मी रागावले का ते पाहिलं. मी रागावले नव्हते. तिनं दोन वेळा भात मागून घेतला.