मायनसची रेघ

माणसाचं तोंड विसरतील, पण त्याच्या चष्म्याचा नंबर विसरणार नाहीत, अशी भिंगतात्यांची ख्याती. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ते छत्तीस वर्षं भिंगांच्या कडा घासत होते. खोलीत एक खिडकी, एक घासायचं चाक, पाण्याचं भांडं आणि भिंतीला लागून खणांची दोन कपाटं. डावीकडं प्लस, उजवीकडं मायनस. तरीही खणातून काढलेलं भिंग ते खिडकीसमोर धरून हलवून बघत. चौकट हाताच्या उलट सरकली तर प्लस, हाताबरोबर चालली तर मायनस. खणाचा भरवसा नाही, म्हणायचे, माणसं कुठलंही भिंग कुठंही टाकतात.

नंबर लिहायची या दुकानाची जुनी रीत होती. मायनस असेल तर तेवढी रेघ मारायची, काहीच नसेल तर प्लस धरायचं. जुन्या मालकांच्या हातची ती रेघ अशी दणकट, की कागदाच्या मागच्या बाजूनं बोटाला लागे.

पुढं कागद गेला नि कॉम्प्युटर आला. मालकांची सून आता दुकान चालवायची आणि डोळेही तीच तपासायची. पुढच्या खोलीत तिनं नंबर टाकला की मागं तात्यांच्या पडद्यावर उमटे. दिसायला चकचकीत, पण अक्षरं कशी? पांढऱ्यावर फिकट राखाडी, पाण्यानं धुवून काढल्यासारखी.

पहिल्या महिन्यात तात्यांनी दोन भिंगं चुकीची घासली. दोन्ही वेळा डबीत घालता घालता स्वतःलाच शंका आली, म्हणून निभावलं. कुणाला बोलले नाहीत. भिंगवाल्याचे डोळे गेले हे कुणाला सांगायचं? तपासायची खुर्ची सात पावलांवर होती, पण तात्या त्या खुर्चीकडं बघतसुद्धा नव्हते. घरी बायकोला मात्र म्हणाले, "या महिन्याअखेर सोडतो काम."

"सोडून काय करणार?" ती म्हणाली. "चाक नाही मिळालं तर माझं डोकं घासत बसाल."

आणि तिसरी चूक दुकानाबाहेर गेली.

सकाळी दार उघडलं तर एक बाई उभ्याच. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं वाचून निवृत्त झालेल्या. नाकावर जुना चष्मा, हातात नवा. त्या थेट मागच्या खोलीत शिरल्या, मागोमाग सूनबाई.

"हा कुणी बनवला?"

"मी," तात्या म्हणाले.

"काल शेजारणीनं इथून आणून दिला. घातला, आणि खुंटीवरच्या कोटाला विचारलं, चहा घेता का? कोट काही बोलला नाही. आमचे हेही बोलत नाहीत, म्हणून बराच वेळ कळलंच नाही."

सूनबाई हसली. तात्यांना हसू येईना. त्यांनी भिंग खिडकीसमोर हलवलं. चौकट उलट सरकली. जुन्या चष्म्याआड बाईंचे डोळे बारीक दिसत होते, म्हणजे त्यांना मायनस तीन हवं होतं, आणि आपण प्लस तीन बसवलंय.

"चूक माझीच," ते म्हणाले. "आधी दोनदा झाली होती, ती झाकली. सूनबाई, माझे डोळे गेलेत. आता दुसरा माणूस बघा."

सूनबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. बाई मात्र म्हणाल्या, "थांबा हो. मूळ प्रत बघितल्याशिवाय मी कधी कुणाची चूक काढली नाही. नंबर कुठं आला होता?"

तात्यांनी पडद्याकडं बोट केलं. बाईंनी नाक जवळ नेलं, मान तिरकी केली, मागं सरल्या.

"इथं तीन आहे. मायनस कुठाय?"

"आहे की तिथं," सूनबाई म्हणाली, नि स्वतःच वाकून बघायला लागली. वाकली ती वाकलीच. "अगंबाई. मी टाकलाय म्हणून मला ठाऊक. दिसत तर मलाही नाही."

"मग यांचे डोळे कशाला गेले म्हणता?" बाई कडाडल्या. "असा पुसट कागद छापखान्यात निघाला असता, तर आम्ही मशीनवाल्याला शाई वाढवायला लावली असती. वाचणाऱ्याला कुणी घरी पाठवलं नसतं."

मोतीबिंदू काढल्यावर बाईंनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर हीच झटापट केली होती. त्यांनी खुर्ची ओढली. सेटिंगमध्ये जाऊन आधी रंगांतला फरक वाढवायचं बटण दाबलं. पडदा एकदम काळा, अक्षरं पिवळीजर्द.

"हे नको," तात्या म्हणाले. "अंधारात मांजराचे डोळे बघितल्यासारखं वाटतंय."

"बरं, लाड तर लाड." बाईंनी पांढऱ्यावर काळ्याकुट्ट अक्षरांचा प्रकार निवडला. अक्षरं दोन पायऱ्या मोठी केली, जाड केली. खिडकीची तिरीप पडद्यावर येत होती, म्हणून सूनबाईनं टेबल वळवलं. आणि तीनच्या आधी मायनस उभा राहिला. उभा कसला, आडवाच, पण जुन्या मालकांच्या रेघेसारखा ठसठशीत.

तात्या दारापर्यंत मागं गेले. तिथून वाचलं. मग चाकापाशी बसून वाचलं.

"आता बसा तपासायला," सूनबाई म्हणाली. "एवढी वर्षं दुसऱ्यांचे नंबर बनवलेत."

तात्या बसले. नंबर जेमतेम पावानं बदललेला निघाला. साठीच्या माणसाला एवढं माफ असतं.

मग तिनं त्यांच्यादेखत एक ठरवून टाकलं. यापुढं प्लसलाही चिन्ह द्यायचं, आणि चिन्ह नसलेला नंबर तात्यांनी तसाच परत पाठवायचा. "सासऱ्यांची रीत कागदावर ठीक होती," ती म्हणाली. "आणि तुमच्या जागी माणूस मी बघणार नाहीये. बायकोला सांगा घरी."

दुपारपर्यंत तात्यांनी बाईंची भिंगं नव्यानं घासली. एरवी अर्ध्या तासाचं काम, पण त्यांनी कडा बोटानं तीनतीनदा चाचपल्या. बाई बाकावर बसून होत्या, तर त्यांच्या जुन्या चष्म्याचे स्क्रूही आवळून दिले, नाकाच्या गाद्याही बदलल्या.

बाईंनी नवा चष्मा घातला, समोरच्या भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्यातली सगळ्यात खालची ओळ वाचली, आणि वाचता वाचता म्हणाल्या, "पाचवं अक्षर जरा तिरकं छापलंय."

"बाई," तात्या म्हणाले, "तुमचे फार उपकार झाले."

"उपकार कसले. घरी जाऊन बघते आता, कोट कुठला आणि नवरा कुठला."

त्या गेल्या. तात्यांनी चाकाच्या भांड्यातलं गढूळ पाणी ओतून ताजं भरलं. पडद्यावर पुढचा नंबर येऊन थांबला होता. मायनस सव्वा, लांबूनच दिसला. ते उजव्या कपाटाकडं वळले.