दादाचे डोळे आणि मास्तरचा दिवा

आमच्या दुकानांच्या ओळीत गाड्यांच्या दिव्यांचं काम करणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत तो कधी शिकवायला गेला नाही, शिकायलाही बेताचाच गेला. पण हेडलाइट बसवला की गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करायची, भिंतीवर आखलेल्या रेघेखाली उजेड येईपर्यंत स्क्रू पिळायचे, आणि गिऱ्हाईक कितीही कोकललं तरी त्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा त्याचा खाक्या. माझं सीटकव्हरचं दुकान त्याला लागूनच. मध्ये नुसता पत्रा, त्यामुळे मास्तर शिंकला तरी मला कळतं.

हॅलोजन होते तोवर सगळं सुरळीत होतं. तार तापणार, पिवळसर उजेड पडणार, पावसापाण्यात डोळ्यालाही तो बरा. मग झेनॉन आला. त्यात तारच नाही, वायूत ठिणगी पेटते आणि पांढराशुभ्र झोत पडतो. कारखान्यातूनच झेनॉन लावून आलेल्या गाडीत त्याच्यापुढे भिंग असतं, ते उजेड खाली आवरून धरतं. पण लोकांना हवा तो जुन्या गाडीत, हॅलोजनच्याच रिफ्लेक्टरमध्ये. तसा बसवला की उजेड मोकाट सुटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो. पहिल्याच गाडीला मास्तर पत्र्यापलीकडून मला म्हणाला होता, "हा रेघेखाली राहतच नाही रे!"

गिऱ्हाईक मात्र खूश. दिवा बघायला माणूस स्टिअरिंगवर बसतो. बंपरपुढे कोण जाऊन उभं राहतंय? "वा मास्तर, काय लांब फेक आहे!" असं दोघाचौघांनी म्हटलं आणि मास्तर पाघळला. झेनॉनची गाडी तो भिंतीकडे नेईनासाच झाला. विद्यार्थी नापास होणार म्हटल्यावर परीक्षाच रद्द! मी एकदा टोमणा मारला, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्याचा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचा. उभ्या जन्मात गाडीला ओरखडा नाही. एका संध्याकाळी वळणावर बस रस्ता सोडून खाली उतरली आणि कुंपणाला टेकली. कुणाला खरचटलं नाही, पण दादा आतून हलला. समोरून पांढरा झोत आला आणि रस्ताच नाहीसा झाला, याहून जास्त त्याला धडपणे सांगता येईना. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काळजीचं काही नाही. मालक भला माणूस. म्हणाला, "तुमचं तुम्ही ठरवा. चालवायची तर चालवा, नाहीतर गेटवर बसा."

ठरवायला दादा कुणाकडे जाणार? सरळ भावाकडे आला.

"तू दिव्यांतला माणूस," तो म्हणाला. "मला खरं सांग. समोरचा दिवा जास्त होता, की माझा डोळा कमी पडला?"

पत्र्याच्या अलीकडे माझी सुई थांबली. हा आता सांगेल, असं मला वाटलं. मास्तर बराच वेळ हातातला बल्ब पुसत राहिला. मग म्हणाला, "वय होतं रे दादा माणसाचं. कशाला जोखीम घेतोस?"

दादा बरं म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याने बसच्या किल्ल्या मालकाच्या टेबलावर ठेवल्या.

तेव्हापासून मास्तरची रया गेली. दादाच्या समोर आलेल्या त्या गाडीचा दिवा त्यानेच बसवलेला होता की दुसऱ्या कुणी, हे त्याला तरी कुठे ठाऊक? पण चोराच्या मनात चांदणं. दादाच्या घरी जायचं टाळू लागला. वहिनीचा फोन आला की मला खूण करायचा, मी नाही म्हणून सांग. लाज वाटत होती त्याला, आणि लाजेचं एक वाईट असतं, ती माणसाला खरं बोलू देत नाही, नुसती तोंड लपवायला लावते. शिव्या घालाव्यात इतका मला त्याचा राग यायचा, आणि तोंड बघितलं की घालवत नसत.

महिन्याभराने दादाच आला, स्वतःची जुनी गाडी घेऊन.

"अरे, तो पांढरा दिवा लाव मला," तो म्हणाला. "आता दिसत नाही ना मला नीट. उजेड तरी जास्त असू दे."

मास्तर मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याने दादाचा हात धरला आणि दुकानात झेनॉन बसवून तयार उभ्या असलेल्या एका गाडीच्या पुढ्यात त्याला नेऊन उभं केलं. आत बसून बटण दाबलं. आधी निळसर चमक, मग झोत स्थिरावला. दादाने दोन्ही हात डोळ्यांवर घेतले.

"बंद कर! हाच, हाच तो!"

मीही मधे डोकावलो होतो. मीही डोळे मिटले, आणि मला ना मोतीबिंदू ना काही.

"कुणालाही असंच होतं," मास्तर खाली उतरून म्हणाला. "हा दिवा या गाडीत बसवायचाच नसतो. मी बसवतो."

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?" दादाच्या आवाजात राग नव्हता हो, आनंद होता! लहान पोरासारखा माझ्याकडे बघून हसला. मास्तरला ते सोसेना.

"आत्ता मालकांकडे येतो तुझ्याबरोबर," तो म्हणाला. "माझ्या तोंडाने सांगतो."

दादा मान डोलावत होता. मग त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"मी विचारायला आलो होतो, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

मास्तरने खाली बघत होकारार्थी मान हलवली.

"घरात मी डोळे मिटून चालायची सवय करत होतो," दादा म्हणाला. "पुढे लागेल म्हणून. मोरीपर्यंत न धडकता जातो आता. तुझी वहिनी रडायची, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू म्हणायची. मी तिला म्हटलं, कशाला? आपला धाकटा खोटं सांगेल का?"